एकत्र उपासना ठेवायची, तर सगळ्याचं भाषांतर करू नका

ख्रिस्तात सलाम. तुमचा प्रश्न असा: कोल्हापुरातली मराठी मंडळी, आता त्यात निपाणी-चिकोडीकडची पाच कानडी घरं, नर्सिंगमधल्या काही मल्याळी भगिनी आणि ईशान्येकडचे चार-पाच विद्यार्थी. महिन्यातून एकदा सगळ्यांची मिळून उपासना ठेवली, ती दोन तास चाळीस मिनिटं चालली आणि मंडळीचा कारभार बघणारे वडीलजन म्हणाले, पुन्हा नको. मग ती आटोपशीर कशी घ्यायची?

वडीलजनांचं चुकलं नाही. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत स्वागत तीन भाषांत, शास्त्रपाठ तीन भाषांत, प्रार्थनासुद्धा तीन भाषांत आहे. एकाच्या भाषेत चाललं की बाकीचे दोन गट पंख्याकडं बघत बसतात. त्यापेक्षा एक भाग एकाच भाषेत घ्या, बाकीच्या भाषा हातातल्या कागदावर द्या. तोंडी भाषांतर फक्त संदेशाचं. पहिला शास्त्रपाठ कानडीत, दुसरा मल्याळममध्ये, शुभवर्तमान मराठीत. ज्याची भाषा नाही तो आपल्या पवित्र शास्त्रातून मागोमाग वाचतो.

इथं एक गफलत हमखास होते. पाठ सांगताना नुसतं 'स्तोत्रसंहिता' म्हणून भागत नाही. हिंदीत ती भजन संहिता, कानडीत कीर्तनेगळु. आपलं उत्पत्ती कानडीत आदिकांड होतं. म्हणून कागदावर प्रत्येक भाषेतलं पुस्तकाचं नाव छापा, आणि अध्याय-वचन आकड्यांत मोठ्या अक्षरात. त्याहून नाजूक बाब देवाच्या नावाची. २३ व्या स्तोत्रात आपण 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' म्हणतो, तिथं जुन्या हिंदी, कानडी आणि मल्याळम भाषांतरांत 'यहोवा' आहे. उलट हिंदीत 'परमेश्वर' हा शब्द आपण जिथं 'देव' म्हणतो तिथं येतो. संदेश सांगणारा मराठी 'परमेश्वर' या शब्दावर पाच मिनिटं बोलला, तर हिंदी शास्त्र उघडून बसलेल्याला ते वचनात सापडतच नाही. दुभाष्याला हे आधी सांगून ठेवा.

सगळ्यांच्या तोंडी एकच ओळ द्यायची असेल तर १३६ वं स्तोत्र घ्या. २६ वचनं, प्रत्येकाचा उत्तरार्ध तोच: 'कारण त्याची दया सनातन आहे.' वाचणारे बदलत जावेत, कानडी, मल्याळम, इंग्रजी. उत्तर मात्र सगळ्यांनी मराठीतच द्यावं. तिसऱ्या-चौथ्या वचनापर्यंत नवख्यालाही ते पाठ होतं. प्रभूची प्रार्थना मात्र ज्यानं त्यानं आपल्या भाषेत, एकाच वेळी म्हणावी. त्या वेळी चालवणाऱ्यानं माईकपासून लांब व्हावं, नाहीतर सगळे त्याच्याच मागं फरपटतात. भाषेगणिक लांबी वेगळी, त्यामुळं शेवट विस्कटतो. सगळे थांबेपर्यंत गप्प राहा आणि मग एकच 'आमेन' घ्या.

गाण्यांत खरी मेख आहे. 'उपासना संगीत' या आपल्या मराठी गीतपुस्तकातली गीतं दोन जातींची. पाश्चात्त्य चालीवर भाषांतरित झालेली गीतं इतर भाषांतही त्याच चालीवर आहेत, ती सगळ्यांनी आपापल्या भाषेत एकदम गायली तरी बसतात. नाताळचं 'सायलेंट नाइट' हे १८१८ मधलं मूळ जर्मन गीत त्यातलंच. पण नारायण वामन टिळकांची पदं मराठी छंदात घडलेली. त्यांचं जागेवर भाषांतर करून गाऊ नका, मात्रा तुटतात आणि तबलजी हैराण होतो. ती मराठीतच गा, कागदावर अर्थ द्या. चार गाणी पुरे: दोन सामायिक चालीची, एक मराठी, एक पाहुण्या भाषेतलं.

ते पाहुणं गाणं देवनागरीत लिहून द्या. कानडीतला ळ आपल्या जिभेला सवयीचा आहे, पण ऱ्हस्व ए-ओ आणि दीर्घ ए-ओ हा फरक नेहमीच्या देवनागरीत दिसत नाही. दीर्घाखाली रेघ मारली तरी काम होतं. पडद्यावर एका वेळी दोनच लिप्या, चार ओळी. आणि मजकूर युनिकोडमध्येच टाईप करा. डीटीपीवाल्याकडून जुन्या फाँटमध्ये आलेली फाईल चर्चच्या लॅपटॉपवर उघडली की कानामात्रेच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात, आणि ते कळतं रविवारी सकाळी.

पट्टीचंही बघा. पेटी काळी एक पट्टीला आणि कीबोर्ड सफेद एकला, म्हणजे अर्धा स्वर खाली असेल, तर कीबोर्डचं ट्रान्सपोज (पट्टी सरकवायचं बटण) अधिक एक करा, आणि गाणं संपल्यावर परत शून्यावर आणा. हे विसरतातच.

संदेश: वीस मिनिटांचा संदेश दुभाष्यासह चाळीस होतो, म्हणून मूळ बारा मिनिटांचाच लिहा. मजकूर दुभाष्याला गुरुवारपर्यंत द्या. मराठी-कानडी जोडी सोपी, दोन्हींत क्रियापद शेवटी येतं. इंग्रजी वक्ता मात्र अर्ध्या वाक्यावर थांबला की मराठी दुभाषा क्रियापद हातात धरून उरलेल्या वाक्यासाठी ताटकळतो; वक्त्याला पूर्ण वाक्यावरच थांबायला सांगा. निपाणीकडच्यांना बोली मराठी समजते, तेव्हा कानडी दुभाषा खरंच हवाय का हे त्या घरांनाच आधी विचारा. बऱ्याचदा गरज असते ती एका आजींना, आणि त्यांच्या शेजारी बसून कुणी हळू सांगितलं की झालं.

प्रभुभोजनात केरळातल्या मार थोमा चर्चची किंवा सीएसआयची (चर्च ऑफ साउथ इंडिया) माणसं आली तर अडचण नाही, सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) दोघांशीही सहभागित्व आहे, म्हणजे एकमेकांच्या प्रभुभोजनात भाग घेता येतो. देताना म्हणायचं वाक्य घेणाऱ्याच्या भाषेत म्हणा. पाळकांना तीन वाक्यं पाठ करायला एक संध्याकाळ पुरते.

हिशेब: गाणी १६ मिनिटं, प्रार्थना ८, पाठ ९, संदेश २४, दानार्पण ६, प्रभुभोजन २५, सूचना ५. एकूण ९३. सूचना तोंडी फक्त मराठीत, बाकी कागदावर. आणि तो कागद छापायला टाकण्याआधी कानडी मजकूर कानडी घरातल्याच कुणाकडून तरी वाचून घ्या, गूगलवर सोडू नका.