'शंभर वर्षांतून एकदा' की 'शंभरात एक'?

चाळीसगावच्या एका शिक्षकांनी विचारलंय: नदीकाठचा एक प्लॉट निळ्या आणि लाल पूररेषेच्या मध्ये येतो. विकणारा म्हणतो, "लाल रेषेचा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो. 2021 ला येऊन गेला, आता तुमच्या नातवापर्यंत काळजी नाही." हे मराठी म्हणून बरोबर आहे का, आणि मुलांना समजावताना इंग्रजी पुस्तकातल्या 'रिटर्न पिरियड'ला, म्हणजे तेवढ्या मोठ्या दोन पुरांमधल्या सरासरी अंतराला, 'आवर्तन काळ' म्हटलं तर चालेल का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं. बाकी महाराष्ट्राचं ठाऊक नाही, पण खानदेशात तरी हा शब्द वापरू नका. आपल्याकडे 'आवर्तन' हा पुस्तकातला शब्द नाही, पाटावरचा आहे. "गिरणेचं दुसरं आवर्तन कधी सुटतंय?" हा प्रश्न रब्बीत गावोगावी ऐकू येतो. आवर्तन ठरवून सुटतं, त्याच्या तारखा असतात, आणि एक होऊन गेलं की पुढच्याला अवकाश असतो. पांझरेकाठच्या फडांवर, म्हणजे सामायिक पाटाच्या पाण्यावरच्या शेतांत, पाटकरी पाळीनं पाणी देतो, त्यातही हेच: तुमची पाळी झाली, आता बाकीच्यांची होईपर्यंत थांबा. 'आवर्तन काळ 100 वर्षे' असं फळ्यावर लिहिलंत, तर शेतकऱ्याचं पोर बरोबर हाच अर्थ घेणार की पुराची पाळी होऊन गेली. चूक त्याची नसेल, शब्दाची असेल.

'शतवार्षिक पूर' तर त्याहून वाईट. पंचवार्षिक योजना, त्रैवार्षिक निवडणूक, वार्षिक परीक्षा: मराठीत '-वार्षिक' लागलं की वेळापत्रक आलंच.

आता पहिला प्रश्न, मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो. व्याकरणाच्या दृष्टीनं 'शंभर वर्षांतून एकदा' बिनचूक आहे. गोम आहे '-तून'मध्ये. दिवसातून दोनदा गोळी, आठवड्यातून एकदा बाजार, वर्षातून एकदा पोळा. एवढ्या काळातून इतक्या वेळा, असं सांगताना आपण बहुतेक ठरलेली, अंतर राखून येणारी गोष्ट सांगतो. म्हणून '-तून एकदा' ऐकलं की कान आपोआप दोन पुरांमध्ये शंभर वर्षं मोजून ठेवतो. उलट 'लाखात एक', 'दहात एखादा' यांत वेळापत्रक नाही, वाटा आहे. लाल रेषेमागचं गणित या दुसऱ्या जातीचं आहे. त्याचं म्हणणं एवढंच, की कोणत्याही एका वर्षी त्या रेषेला टेकणारा किंवा ओलांडणारा पूर येण्याची शक्यता शंभरात एक. निळ्या रेषेसाठी धरलेला पूर पंचवीस वर्षांचा, म्हणजे दरवर्षी शंभरात चार.

मुलांना हे दाखवायला मी सरकी वापरतो. शंभर सरक्या मोजून पिशवीत टाकायच्या, त्यातली एक कुंकवानं लाल करायची. न बघता एक काढायची, रंग लिहायचा आणि सरकी परत पिशवीत टाकून हलवायची. हे एक वर्ष झालं. सगळा अर्थ त्या 'परत टाकण्या'त आहे. लाल सरकी काल निघाली हे पिशवीला आठवत नाही, आज तिची शक्यता कालइतकीच. गेल्या पावसाळ्यात भाच्यासोबत शंभर वेळा काढली, लाल एकदाही आली नाही. दुसऱ्या शंभरात दोनदा आली, मध्ये फक्त नऊ खेपा. पोरगं म्हणालं, मामा, पिशवी बिघडली. पिशवी ठीक होती. हिशेब करून पाहा: शंभर खेपांत लाल अजिबात न येण्याची शक्यता सुमारे 37 टक्के, नेमकी एकदा येण्याची तेवढीच, आणि दोनदा किंवा जास्त येण्याची 26 टक्के. म्हणजे 'शंभरांतून एकदा' हे शब्दशः खरं ठरण्याची संधी तीनात एक, थोडी जास्त.

प्लॉटचाही असाच हिशेब करा. तीस वर्षं तिथे राहिलात, तर लाल रेषेपर्यंतचं पाणी एकदा तरी बघण्याची शक्यता 26 टक्के. निळ्या रेषेपर्यंतचं बघण्याची 71. आणि 31 ऑगस्ट 2021 ला तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं होतं म्हणून यातला एकही टक्का कमी होत नाही.

हे आकडे येतात कुठून, तेही सांगतो, कारण 'शंभर' ऐकून लोकांना वाटतं शंभर वर्षांची नोंदवही असेल. बहुतेक ठिकाणी नसते. मोजणी केंद्रावर प्रत्येक वर्षाचा सर्वांत मोठा प्रवाह लिहिलेला असतो. समजा 40 वर्षांचे 40 आकडे आहेत. ते उतरत्या क्रमानं मांडायचे, वर्षांच्या संख्येत एक मिळवायचा आणि क्रमांकानं भागायचं. पहिल्याला 41 वर्षं मिळतात, दुसऱ्याला साडेवीस, तिसऱ्याला पावणेचौदाच्या आसपास. हे आकडे आलेखावर ठिपक्यांनी मांडायचे; शंभरापर्यंत जायला या ठिपक्यांतून जाणारी रेषा पुढे वाढवावी लागते. टोकाच्या घटनांसाठी गणितज्ञ एमिल गुंबेल यांनी बसवलेली मांडणी इथे जगभर वापरतात. रेषा जितकी लांब ओढाल तितकी डळमळते, आणि एक मोठा पूर नोंदीत आला की सगळा उतार बदलतो. त्यात नदीचं पात्र आवळलं, वरच्या अंगाला झाडं गेली, पावसाची तऱ्हा बदलली, तर पिशवीतल्या लाल सरक्याच वाढतात. जुना आकडा मग जुन्या पिशवीचा.

दुर्मिळ गोष्टीला आपण 'कपिलाषष्ठीचा योग' म्हणतो. फार सुंदर शब्द आहे, पण तो पुराला लावू नये. तिथी, वार, नक्षत्र, योग जुळण्याचा तो दिवस पंचांगवाला आधीच काढून देतो. तापीला किंवा वाघूरला पाणी कोणत्या साली चढेल, ते कुठल्याच पंचांगात नसतं. दुर्मिळ असणं आणि ठरलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मराठीत त्यांना वेगळे शब्द असायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझी सुचवण अशी. फळ्यावर पारिभाषिक शब्द हवाच असेल तर 'सरासरी अंतरकाळ' लिहा. 'सरासरी' गाळू नका, तिच्यामुळेच तो शब्द खरा राहतो. बोलताना आणि फलकावर 'दरसाल शंभरात एक शक्यतेचा पूर' म्हणा. पुढे घासून 'शंभरात-एक पूर' झालं तरी अर्थ टिकतो. वर्गातली पोरं अहिराणी बोलणारी असतील तर आणखी सोपं, 'शंभरमा एक' ती घरून घेऊनच येतात. आणि विकणाऱ्याला एवढंच विचारा: पुढच्या पावसाळ्यात शंभरात किती?