गहू, एन्झाईम आणि कोंबड्यांची चिकट विष्ठा

मका महागल्यामुळे आपण ब्रॉयलरच्या खाद्यात 30 टक्के गहू घेतला, एन्झाईम मिसळले, तरीही विष्ठा चिकट येते. शिवाय एन्झाईममुळे तंतू पचत असतील तर कोंडाही वाढवावा का, असे आपण विचारले आहे. कोंडा वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तंतू तोडणारे पाचकरस कोंबडीच्या शरीरात तयारच होत नाहीत. गव्हातील अरॅबिनोझायलन आणि जवातील बीटा-ग्लुकन या तंतूंचा काही भाग पाण्यात विरघळतो आणि आतड्यातील खाद्य दाट व बुळबुळीत करतो. जवाचे पीठ पाण्यात कालवून काही वेळ ठेवले, की हा बुळबुळीतपणा बोटांना लगेच जाणवतो. अशा लगद्यात पाचकरस स्टार्च, प्रथिने आणि विशेषतः तेलापर्यंत नीट पोहोचत नाहीत. न पचलेल्या अन्नावर पुढे जंतू वाढतात आणि लिटर, म्हणजे शेडमध्ये अंथरलेला भुसा, ओले होते. लहान पिल्लांना हा त्रास अधिक होतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात 1950 च्या दशकातच असे दिसून आले होते, की नुसते पाण्यात भिजवून वाळवलेले जवसुद्धा पिल्लांना अधिक मानवतात.

झायलनेज हे एन्झाईम अरॅबिनोझायलनच्या लांब साखळ्यांचे तुकडे करते. त्यांतील काही तुकडे आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन पिशव्यांत जंतू आंबवतात आणि पक्ष्याला थोडी ऊर्जा मिळते. परंतु मुख्य लाभ होतो तो चिकटपणा कमी झाल्यामुळे आणि दाण्याच्या पेशींत अडकलेला स्टार्च मोकळा झाल्यामुळे. तूस किंवा सूर्यफुलाच्या पेंडीतील सेल्युलोज मात्र जवळजवळ तसेच बाहेर पडते, म्हणून कोंडा वाढवला की खाद्यातील ऊर्जाच घटते.

आता आपल्या एन्झाईमच्या पाकिटावर नेमके काय लिहिले आहे, ते वाचावे. फायटेज हे एन्झाईम असेल तर ते खाद्यातील फॉस्फरस मोकळा करते, गव्हाच्या चिकटपणावर त्याचा उपाय नाही. झायलनेज असूनही गुण येत नसेल, तर खाद्याच्या गोळ्या (पेलेट) करताना वाफेचे तापमान किती होते ते विचारावे, कारण 85 अंशांच्या पुढे आवरण नसलेली बरीच एन्झाईम निकामी होतात. मॅश, म्हणजे गोळ्या न केलेले भरड खाद्य, देत असाल तर एका टनात थेट पुडी रिकामी न करता आधी पाच-दहा किलो भरड्यात ती एकजीव करून घ्यावी. हे सर्व ठीक असूनही लिटर ओलेच राहिले, तर पाण्याच्या निपलची (पिण्याच्या तोटीची) गळती, खाद्यातील मीठ आणि कॉक्सी (कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा रोग) यांची तपासणी पशुवैद्यकाकडून करून घ्यावी.