मिसोफोनियावरील संशोधनाला देणगी देण्यात अर्थ आहे का, आणि द्यायची तर कुठे?

खाण्यापिण्याचे किंवा श्वासाचे साधे आवाजही असह्य होणे म्हणजे मिसोफोनिया. त्यावरील संशोधनाला देणगी द्यावी का, त्यातून उपचार निघेल का आणि घरच्यांच्या विरोधाला काय सांगावे, असे तुम्ही विचारले आहे. ‘माणसे कर्करोगाने मरत असताना मचमच सहन न होणाऱ्यांसाठी पैसा कशाला?’ हे तुमच्या प्रश्नातले घरच्यांचे वाक्य जवळजवळ याच शब्दांत मी माझ्या थोरल्या भावाकडून ऐकले आहे, म्हणून उत्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते: देणगी जरूर द्यावी, आणि घरातल्या सगळ्यांचे एकमत होण्याची वाट पाहत बसू नये.

आमचे बालपण डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात गेले. बाबा चहा बशीत ओतून पीत. पहिला लांब भुरका, मग दोन-तीन छोटे, आणि शेवटी जीभ टाळ्याला लागून होणारा बारीकसा आवाज. भुरका कानावर पडण्याच्याही आधी, नुसती बशी ओठांकडे जाताना दिसली तरी माझी मान आवळून येई, छाती धडधडू लागे आणि ज्या माणसावर माझा सर्वांत जास्त जीव होता त्याच्या हातातली बशी हिसकावून घ्यावी असा संताप उसळे. जेवणाच्या वेळी मी ताट घेऊन गॅलरीत जाऊन बसे. आईला तो शिष्टपणा वाटे. आजीचे म्हणणे असे की पोरीला माणसांत बसायची सवय लावली पाहिजे, आणि त्या सवयीसाठी मला मुद्दाम बाबांच्या शेजारच्या पाटावर बसवले जाई. त्या सवयीने काहीही साधले नाही. उलट ताट वाढलेले दिसले की पोटात गोळा येऊ लागला. बाबा मला कधी रागावले नाहीत. मात्र पुढे पुढे मी घरात असले की ते कपबशी घेऊन जिन्यात जाऊन बसत, आणि लग्नानंतर मी माहेरी गेले की सगळ्यांच्या आधी एकटेच जेवून घेत. याविषयी आम्ही दोघे एकमेकांशी कधीही बोललो नाही, कारण बोलायला कोणता शब्दच आमच्याजवळ नव्हता.

बाबा गेल्यानंतर त्यांच्या नावाने काही रक्कम द्यायची असे आम्ही भावंडांनी ठरवले. तोपर्यंत मला माझ्या त्रासाचे नाव कळले होते आणि त्यावर कुठे काय काम चालू आहे हेही मी वाचत होते, म्हणून ही रक्कम त्या संशोधनाला द्यावी असे मी सुचवले. दादाने कर्करोगाचा मुद्दा काढला, तो मी समजू शकत होते. पण त्याचे पुढचे वाक्य मला आजही बोचते. तो म्हणाला, ‘‘बाबांचं खाणंपिणं म्हणजे रोगाचं कारण ठरवायचं आणि वर देणगी त्यांच्याच नावानं द्यायची, हे मी होऊ देणार नाही.’’

दादाला मी तेव्हा जे नीट सांगू शकले नाही ते येथे सांगते, कारण तुमच्या घरातही हाच गैरसमज असावा असे दिसते. या क्षेत्रात आजवर जो थोडाफार पैसा खर्च झाला आहे त्यातून निघालेला सर्वांत मोलाचा निष्कर्ष असा की दोष खाणाऱ्याचा नाही आणि ऐकणाऱ्याच्या स्वभावाचाही नाही. ‘मिसोफोनिया’ हे नाव मार्गारेट आणि पावेल यास्त्रेबॉफ यांनी २००१ मध्ये दिले. त्यानंतरची अनेक वर्षे डॉक्टरही याला चिडका स्वभाव म्हणत राहिले. २०१७ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातील सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा त्रास असलेल्या २० आणि नसलेल्या २२ व्यक्तींना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून तीन प्रकारचे आवाज ऐकवले: पावसासारखे साधे, लहान मुलाच्या रडण्यासारखे कोणालाही नकोसे वाटणारे, आणि खाण्याचे किंवा श्वासाचे. या तिसऱ्या आवाजांनी केवळ पहिल्या गटातील लोकांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्या मेंदूतील ‘अँटेरियर इन्सुला’ हा भाग, म्हणजे कशाकडे लक्ष द्यायचे आणि त्यामुळे आत काय जाणवते यांची सांगड घालणारा भाग, प्रमाणाबाहेर सक्रिय झाला. रडण्याच्या आवाजाला मात्र दोन्ही गटांचा प्रतिसाद सारखाच होता. म्हणजे ही सर्वच आवाजांबद्दलची नाजूक प्रकृती नव्हे. कुमार यांच्याच गटाने २०२१ मध्ये दाखवले की अशा लोकांमध्ये श्रवणाच्या आणि दृष्टीच्या केंद्रांचा चेहरा, ओठ व जबडा यांच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागाशी असलेला संबंध अधिक घट्ट असतो. नुसती बशी उचललेली दिसली तरी माझी मान का आवळत असे, याचे स्पष्टीकरण मला प्रथम तेथे सापडले. हे ज्ञान बाबा असताना आमच्या घरात असते, तर त्यांनी जिन्यात बसून चहा प्यायला नसता, असे माझे ठाम मत आहे.

आता पैशाविषयी. कुमार यांचे २०१७ चे काम लंडनच्या वेलकम न्यूरोइमेजिंग केंद्राशीही जोडलेले होते. ज्या वेलकम ट्रस्टमुळे या केंद्राला हे नाव मिळाले, तो हेन्री वेलकम या औषध-उद्योजकाच्या १९३६ च्या मृत्युपत्रातून उभा राहिला. स्मरणार्थ दिलेला पैसा कुठे पोहोचतो, असे विचारणाऱ्या घरच्यांना हे जरूर सांगावे. अमेरिकेत रीम फाउंडेशन या कौटुंबिक प्रतिष्ठानाने मिल्कन इन्स्टिट्यूटच्या साहाय्याने २०१९ मध्ये ‘मिसोफोनिया रिसर्च फंड’ सुरू केला. त्याच निधीच्या पुढाकाराने तज्ज्ञांची समिती बसली आणि मतदानाच्या अनेक फेऱ्यांनंतर २०२२ मध्ये या विकाराची सर्वमान्य व्याख्या प्रसिद्ध झाली. व्याख्येवर पैसे घालवणे काहींना वायफळ वाटते. मला तसे मुळीच वाटत नाही, कारण हा विकार अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या सूचीत नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगांच्या वर्गीकरणातही स्वतंत्रपणे नाही, आणि ज्याची व्याख्याच नाही त्यासाठी सरकारी अनुदान मागायचे तरी कोणत्या आधारावर?

उपचार निघेल का, हा तुमचा मुख्य प्रश्न. ॲमस्टरडॅममध्ये ५४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तीन महिने गटात दिलेल्या वर्तनोपचारानंतर (म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचारानंतर) ३७ टक्के लोकांमध्ये ठळक सुधारणा दिसली. तुलनेसाठी उपचार न देता प्रतीक्षायादीत ठेवलेल्यांपैकी कोणातही ती दिसली नाही. यासाठी खास मान्यता मिळालेले औषध आज नाही. म्हणून माझ्या मते पैसा उपचारांच्या चाचण्यांकडे आणि मेंदूतील कारणांच्या शोधाकडे जावा. जनजागृतीचे फलक, मनगटावरच्या पट्ट्या आणि ‘२१ दिवसांत मुक्ती’ असे सांगणारे ऑनलाइन वर्ग यांना एक रुपयाही देऊ नये.

कुठे द्यावी, याचे माझे उत्तर अनुभवातून आलेले आहे. शेवटी दादाने त्याचा वाटा एका कर्करोग रुग्णालयाला दिला आणि मी माझा वाटा एका सरकारी संस्थेला दिला. धनादेशासोबत मी हेतू स्पष्ट लिहिला होता, तरी पावती ‘सर्वसाधारण निधी’ अशी आली, आणि विचारणा केल्यावर ‘या विषयासाठी आमच्याकडे स्वतंत्र शीर्ष नाही’ असे उत्तर मिळाले. तेव्हा पैसे देण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्यावे की रक्कम कोणत्या प्रकल्पाला जाईल, त्या प्रकल्पाला नैतिकता समितीची मान्यता आहे का, आणि निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो प्रसिद्ध होईल का. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेतील संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये या त्रासाची पाहणी केलेली आहे, म्हणून चौकशी तेथून सुरू करावी असे मला वाटते. परदेशी निधीला थेट दिलेल्या देणगीवर आपल्याकडे करसवलत मिळत नाही. तुमच्या ओळखीत एखादी मोठी कंपनी असेल तर कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक संस्थांमधील संशोधनाला दिलेला निधी कंपनीने नफ्यातून सामाजिक दायित्वासाठी खर्च करायच्या २ टक्क्यांत धरला जातो, हेही त्यांच्या कानावर घालावे.

मी डॉक्टर नाही, हे येथे सांगणे आवश्यक आहे. वरचे प्रयोग लहान आहेत. मेंदूतला फरक हे त्रासाचे कारण आहे की वर्षानुवर्षांच्या त्रासाचा परिणाम, हे त्यांतून ठरत नाही. आणि प्रतीक्षायादीशी केलेली तुलना ही तुलनेची सर्वांत कमी कठोर पद्धत आहे. तुमच्या घरात ज्यांना हा त्रास आहे त्यांना आज मदत हवी असेल, तर देणगीच्या आधी वर्तनोपचार जाणणारा मानसतज्ज्ञ शोधावा. आणि त्यांना जबरदस्तीने पंगतीत बसवू नये, हे मी पुन्हा सांगते.

घरच्यांच्या कर्करोगाच्या मुद्द्याला मात्र सरळ उत्तर आहे. कर्करोगाच्या संशोधनामागे जगभरची सरकारे आणि औषध कंपन्या उभ्या आहेत. तुमची रक्कम तेथे मिळाली नाही म्हणून एकही प्रयोग थांबणार नाही. मिसोफोनियाच्या बाबतीत तेवढ्याच रकमेत एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध पूर्ण होऊ शकतो, मराठी बोलणाऱ्यांसाठी तपासलेली प्रश्नावली तयार होऊ शकते, आणि ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये १८.४ टक्के लोकांना हा त्रास असल्याचे जसे मोजले गेले तसे आपल्याकडेही मोजता येऊ शकते. दादाला हे अजून पटलेले नाही. पुढच्या वर्षीची माझी रक्कम मी लेखी हमी घेऊनच देणार आहे, आणि पावतीवर बाबांचेच नाव असेल.