चार्जर ‘लो व्होल्टेज’ दाखवत असेल तर त्याचं ऐका

तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसलो, कारण या एकाच चुकीने माझे सर्वांत जास्त पॅक आणि पैसे गेले आहेत. 2एस, म्हणजे दोन सेलचा, 5000 एमएएचचा हार्डकेस लायपो (लिथियम-पॉलिमर) पॅक, रिमोटवर चालणाऱ्या ट्रकमध्ये चार दिवस जोडलेलाच राहिला. मीटरवर एकूण 4.6 व्होल्ट, बॅलन्स लीडवर (प्रत्येक सेल वेगळा मोजता येतो ती बारीक तारांची जोडणी) एक सेल 2.9 आणि दुसरा 1.7. चार्जर ‘लो व्होल्टेज’ दाखवून थांबत होता. दुकानदाराने ‘पाच मिनिटं एनआयएमएच मोडवर लावा, जागा होईल’ असं सांगितलं (हा मोड निकेलच्या बॅटरीसाठी असतो) आणि तुम्ही तसं दोनदा केलंत. आता चार्जर पॅक घेतोय, पण केसची शिवण एका बाजूने किंचित उघडली आहे. 1 अँपिअरने हळूहळू चार्ज केला तर चालेल का, असं तुम्ही विचारताय.

नाही चालणार. हा पॅक पुन्हा चार्जरला लावू नका, आणि आजची रात्र तो घरातल्या कपाटात ठेवू नका. कडप्प्याच्या फरशीवर, बाल्कनीत किंवा गच्चीत, वाळू भरलेल्या घमेल्यात ठेवा. वर प्लास्टिकचं छप्पर किंवा कपडे वाळत घातलेली दोरी नको. ऊन लागणार नाही असं बघा.

दुकानदारांचा हा सल्ला इतका पसरलेला आहे की त्यावर जरा सविस्तर लिहितो. एनआयएमएच मोडमध्ये चार्जर लायपोची दर सेलला 4.20 व्होल्टची मर्यादा पाळत नाही. तो ठरलेला करंट सोडत राहतो आणि पॅक भरला की व्होल्टेज काही मिलिव्होल्टने खाली येईल याची वाट बघतो. निकेलचा सेल तशी खूण देतो, लायपो देत नाही. त्यामुळे चार्जरच्या दृष्टीने पॅक कधी भरतच नाही. शिवाय बहुतेक चार्जर या मोडमध्ये बॅलन्स लीडकडे बघतही नाहीत. तुमचे दोन सेल एकापुढे एक (सिरीजमध्ये) जोडलेले आहेत, म्हणजे दोघांतून सारखाच करंट जातो. 1.7 वाला वर येईपर्यंत दुसरा कुठे पोचला, हे कोणी बघत नाही. पाच मिनिटांचं काम म्हणून लावायचं, मधे फोन येतो, दारावर कोणी येतं, आणि पाचाची पंचवीस मिनिटं होतात.

त्याहून वाईट गोष्ट सेलच्या आत होते. लायपोच्या ऋण बाजूचा पातळ पत्रा तांब्याचा असतो. सेल फार खाली जाऊन तसाच पडून राहिला की हे तांबं इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळायला लागतं. पुन्हा चार्ज करताना ते मूळ जागी नीट बसत नाही, कणाकणाने भलतीकडेच साचतं, आणि त्यातून आतल्या आत शॉर्ट होण्याची वाट तयार होते. म्हणून असा पॅक ‘जागा’ झाला, 8.4 व्होल्टपर्यंत, म्हणजे पूर्ण भरला, दोन-तीन वेळा गाडीही पळाली, तरी तो सुधारलेला नसतो. शिवण उघडली याचा अर्थ आत वायू साचलाय. टाचणीने भोक पाडून हवा काढण्याचा विचार मनातही आणू नका, आणि केस उघडून ‘चांगला’ सेल वाचवायलाही जाऊ नका.

आता थोडं मागे जाऊ. चार्जर थांबला तेव्हाच त्याने आपलं काम चोख केलं होतं. ‘लो व्होल्टेज’ ही चार्जरची तक्रार नसते, पॅकची तपासणी असते. काही जाणकार म्हणतील की दोन्ही सेल 2.5 च्या वर असतील, पॅक फक्त काही तास खाली राहिला असेल आणि अजिबात फुगला नसेल, तर सीच्या (पॅकच्या क्षमतेइतक्या करंटच्या) विसाव्या भागाने, म्हणजे 5000 च्या पॅकला 250 मिलिअँपिअरने, समोर बसून 3 व्होल्टपर्यंत आणता येतो. ज्या चार्जरमध्ये लायपोसाठी वेगळी प्री-चार्जची सोय आहे त्यावर हे होतं, मान्य आहे. अर्ध्या तासात सेल 3.0 ला आला नाही, किंवा चार्ज करून चोवीस तास ठेवल्यावर एक सेल दुसऱ्यापेक्षा पटकन उतरला, तर तो पॅक बाद. माझं मत विचाराल तर फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने हेही करू नये. नवा पॅक घराच्या पडद्यांपेक्षा स्वस्त आहे. मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर नाही, तुमच्या चार्जरचं मॅन्युअल माझ्या शब्दापेक्षा मोठं.

पॅक इतका उतरला का, हे शोधलं नाहीत तर नवीनही असाच जाईल. ईएससीचं (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचं) बटण बंद असलं तरी पॅक जोडलेला असेपर्यंत बारीक करंट जात राहू शकतो, आणि बटण चालू राहिलं तर रिसीव्हर, सर्व्होही (चाकं वळवणारी छोटी मोटर) करंट खात बसतात. समजा फक्त 20 मिलिअँपिअर जातोय. दिवसाला 480 एमएएच झाले. गाडी पळवून झाल्यावर पॅकमध्ये 1000 उरले असतील तर दोन दिवसांत संपले. व्होल्टेज उतरला की ईएससीचा कटऑफ मोटर थांबवतो, ही गळती थांबवत नाही. म्हणून गाडी थांबली की आधी कनेक्टर सोडवायचा, चाकांचा चिखल नंतर.

आणखी एक बघा. बऱ्याच ब्रश्ड (साध्या, ब्रशवाल्या मोटरसाठीच्या) ईएससींवर बॅटरीचा प्रकार निवडायला दोन-तीन पिनांवरचा छोटा जंपर, म्हणजे पिना जोडणारी टोपी, असते. हॉबीविंग 1060 या ईएससीवर तो जंपर अगदी समोर दिसतो. तो एनआयएमएचवर राहिला असेल तर लायपोसाठीचा कटऑफ लागतच नाही. गाडीबरोबर निकेलचा पॅक आला होता का? मग जंपर तिथेच असण्याची शक्यता बरीच आहे. नखाने काढून लायपोच्या पिनांवर बसवा.

चार्ज करताना 1सी, म्हणजे 5000 ला 5 अँपिअर, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तुमचा चार्जर 50 वॅटचा असेल तर 3एसला (तीन सेलच्या पॅकला) तो 4 अँपिअरच्या आसपासच देणार, भरलेल्या पॅकचे 12.6 व्होल्ट गुणिले 4 म्हणजे साधारण 50. चार्जर बिघडलेला नाही. चार्ज नेहमी बॅलन्स मोडमध्येच करा, त्यात चार्जर प्रत्येक सेल वेगळा बघतो. साध्या मोडमध्ये बॅलन्स लीड जोडली नसेल तर चार्जर फक्त 8.4 ची बेरीज बघतो, मग एक सेल 3.9 आणि दुसरा 4.5 असला तरी त्याला ते बरोबरच वाटतं. स्वस्त चार्जरचे आकडे अधूनमधून मल्टिमीटरने पडताळा. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल 4.20 हवा, 4.25 दिसला तर तो चार्जर ठेवू नका. सेटिंगमध्ये सेफ्टी टायमर आणि क्षमतेची मर्यादा असते, ती बंद करू नका. 5000 च्या पॅकला 6000 एमएएच ठेवा, काहीही चुकलं तरी तिथे चार्जर थांबेल.

केबल आधी चार्जरला, मग पॅक. उलट केलंत तर केबलच्या दुसऱ्या टोकाच्या दोन उघड्या बनाना पिना टेबलावर एकमेकींना चिकटतात आणि 5000 एमएएचचा पॅक थेट शॉर्ट होतो. पिनांचं टोक वितळून काळं पडलेलं दिसलं तर हेच झालेलं असतं.

मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात असाल तर दुपारी गच्चीत चार्ज करू नका. लायपोच्या चार्जिंगची वरची मर्यादा साधारण 45 अंश आहे आणि तिथला काँक्रीटचा स्लॅब तिच्याही वर जातो. पळवून आणलेला पॅक हाताला गार लागेपर्यंत थांबा. चार्ज चालू असताना त्याच खोलीत, जागे राहा. पेटलाच तर उचलायला धावू नका. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू असतो. जवळ कोरडी वाळू असेल तर लांबून ओता, माणसं बाहेर काढा, 101 ला फोन करा.

आता या पॅकची विल्हेवाट. मोकळ्या जागी 12 व्होल्ट 10 वॅटचा, दुचाकीच्या इंडिकेटरचा बल्ब लावून तो पूर्ण विझेपर्यंत उतरवा, समोर थांबून. मग दोन्ही तारांची टोकं वेगवेगळी टेपने बंद करा. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा उपाय मला पटत नाही, कनेक्टरचा धातू आधी गंजतो आणि चार्ज आत तसाच राहू शकतो. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट रूल्स, 2022 प्रमाणे वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही आणि ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात एका संकलन केंद्राने मला ‘फक्त मोबाइलच्या घेतो, खेळण्याच्या नाही’ म्हणून परत पाठवलं, आणि दुसऱ्या खिडकीवर ‘सुक्या कचऱ्यात टाका’ असं उत्तर मिळालं. कचऱ्याच्या गाडीत दाबयंत्राखाली लायपो गेला तर काय होईल याचा विचार त्या माणसाला कोणी शिकवला नव्हता, याचा राग अजून जात नाही. जाण्याआधी फोन करून ‘लिथियम बॅटरी, फुगलेली’ असं स्पष्ट सांगा आणि घेतो म्हणाले तरच निघा. कुरिअरने पाठवू नका.

नवीन पॅक आला की पहिल्या बॅलन्स चार्जनंतर दोन्ही सेलचे व्होल्ट आणि चार्जर दाखवत असेल तर इंटर्नल रेझिस्टन्स (सेलचा आतला विद्युत रोध) इथे टाका. दोन सेलमध्ये 0.02 व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दुकानदाराला परत देऊन बघा, पण ते पहिल्याच आठवड्यात.