गाडीत सीडी प्लेअर नाही, पण घरात नाट्यसंगीताच्या ५०-६० सीडी आहेत. त्या गाडीत कशा ऐकता येतील?

सीडी एमपी३ मध्ये बदलून पेनड्राइव्हवर घ्या. मी बाबांच्या सगळ्या सीडींचं हेच केलं.

लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या किंवा कुणाकडून चार दिवस मागून आणा. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा: सीडीवर दिसणाऱ्या .सीडीए फाइली नुसत्या कॉपी-पेस्ट करू नका. त्या जेमतेम १ केबीच्या असतात, त्यात गाणं नसतंच, फक्त ते सीडीवर कुठे आहे याची नोंद असते. गाणी 'रिप' करावी लागतात, म्हणजे सीडीवरून वाचून त्यांच्या एमपी३ फाइली बनवाव्या लागतात. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये ती सोय आहे. आवाजाच्या दर्जासाठी ३२० केबीपीएस निवडा, तासाभराची सीडी साधारण १४५ एमबीत बसते. म्हणजे तुमचा सगळा संग्रह १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर आरामात मावेल. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असू द्या, बऱ्याच गाड्यांचे स्टीरिओ दुसरा फॉरमॅट वाचत नाहीत.

सीडीच लावायची असेल तर हातात मावणारा पोर्टेबल प्लेअर ऑक्स केबलने (हेडफोनच्या जागेतून स्टीरिओला आवाज नेणारी वायर) जोडा. आवाज छान येतो, पण चालवताना सीडी बदलायला जाऊ नका, शेजारच्याला सांगा. लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह थेट गाडीच्या यूएसबीला लावून बहुतेक वेळा काहीच होत नाही, स्टीरिओ त्याला ओळखत नाही. एफएम ट्रान्समीटर (गाणं गाडीच्या रेडिओवर ऐकवणारं छोटं यंत्र) अगदीच नाइलाज असेल तर. शहरात खरखर फार येते.

आणि मूळ सीडी उन्हात गाडीत ठेवू नका, वाकतात.