देवाशी भांडणारी वही

प्रश्न : नवरा गेल्यापासून भक्तिकविता लिहायला बसले की देवाशी भांडणच कागदावर उतरतं. सासूबाई म्हणतात, पाप लागेल. वही बंद करू का? सोबत तीन कविता पाठवते आहे.
– एक वाचक

उत्तर : ताई, मुळीच बंद करू नका. जनाबाईनं विठ्ठलाला चक्क 'मूळ मायेच्या कारट्या' म्हटलंय. सासूबाईंना तो अभंग वाचून दाखवा. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचा धंदा बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली. 'बरे झाले देवा निघाले दिवाळे' हे त्यानंतरचं. ते लगेच सुचलं असेल असं मला वाटत नाही. (सांत्वनाला येणारी माणसं मात्र दाराशीच 'बरे झाले' सुरू करतात!) तुम्ही तिथवर पोचलाच पाहिजे असंही नाही.

आता कवितांबद्दल. पहिल्या दोन 'वेदना', 'अंधार', 'काहूर' यांनी गच्च भरल्यात. त्या कुणाच्याही असू शकतात. तिसरीतली त्यांची चष्म्याची डबी मात्र तुमचीच. देवाला त्या डबीबद्दल जाब विचारा. साचा अभंगाचा घ्या : सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. अक्षरं मोजावी लागली की मोठे शब्द आपोआप गळतात, आणि बोटांवर मोजताना रडूही जरा थांबतं.

झोप आणि जेवण तुटलं असेल तर मात्र डॉक्टरांकडे जा. ते काम कवितेवर टाकू नका.