सर येत नाहीत म्हणून त्यांचा तास तुम्ही घेऊ नका

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दहावीची ऑनलाइन बॅच आहे, भूमिती तुमच्याकडे आणि बीजगणित सरांकडे. सर कधी वीस मिनिटं उशिरा येतात, कधी येतच नाहीत. सराव चाचणीचे पेपर पडून राहतात. विचारलं की "लाइट गेली होती". मुलं खोळंबतात म्हणून त्यांचा तास तुम्हीच उरकता आणि पालकांचे मेसेजही तुम्हालाच येतात. संचालक मॅडमना सांगितलं तर चुगली केल्यासारखं होईल, म्हणून गप्प आहात. शिवाय पुढच्या वर्षी नववीची बॅचही याच सरांबरोबर घ्या असं मॅडम म्हणताहेत.

मी बरीच वर्षं जोडीने ऑनलाइन शिकवतोय, मध्यंतरी बॅचचं वेळापत्रकही सांभाळलंय. माझ्या मते तुम्ही पहिल्यांदा काय करायचं, तर त्यांचा तास घेणं थांबवायचं.

शाळेत एखादे सर आले नाहीत की वर्गाचा गोंगाट व्हरांड्यात ऐकू येतो. मुख्याध्यापक डोकावतात, ऑफ तास कुणाला तरी लावला जातो, त्याची नोंद होते. ऑनलाइनमध्ये गोंगाट कुणाच्याच कानावर जात नाही. मॅडमना दिसतं ते महिनाअखेरीला फोल्डरमध्ये पडलेलं रेकॉर्डिंग. तुम्ही घेतलेला तास तिथे "बीजगणित, प्रकरण 2" म्हणून बसलेला असतो. मानधन तासिकेवर असेल तर तो कदाचित सरांच्याच हिशोबात जमाही झाला असेल. मॅडमचं लक्ष नाही असं तुम्हाला वाटतंय, पण त्यांच्या समोरचा तक्ता पूर्ण भरलेला आहे, आणि तो तुम्हीच भरून दिलाय.

मग मुलांना वाऱ्यावर सोडायचं का? मुळीच नाही. दहा मिनिटं थांबा. सर आले नाहीत तर बॅचच्या ग्रुपवर, ज्यात मॅडमही आहेत, एवढंच लिहा: "आज बीजगणिताचा तास झाला नाही. त्याऐवजी समरूपतेचा सराव घेते आहे. बीजगणिताच्या तासाची नवी वेळ सर कळवतील." आणि खरोखर भूमितीच घ्या. रेकॉर्डिंगला नावही भूमितीचंच द्या. यात कुणावर आरोप नाही, कारण नाही, टोमणा नाही. पण तास झाला नाही ही गोष्ट त्याच दिवशी, सगळ्यांसमोर नोंदली गेली. सरांची बाजू सावरायला "सरांना बरं नाही" वगैरे लिहू नका. ते खरं आहे की नाही हे तुम्हाला माहीत नाही, आणि पुढच्या वेळी तुमच्याच शब्दावरचा विश्वास उडेल.

हे सुरू करण्याआधी मात्र सरांना फोन करा. मेसेज नको, त्याचे स्क्रीनशॉट फिरतात आणि साधं वाक्यसुद्धा खडूस वाटतं. "सर, यापुढे मी बीजगणिताचा तास घेऊ शकणार नाही, मुलांना तसं कळवावं लागेल, म्हणून आधी तुम्हाला सांगते आहे," एवढं स्पष्ट बोला. मग ऐकून घ्या. कारण बेभरवशाची माणसं एकाच जातीची नसतात.

माझ्याबरोबर एक वयस्क सर होते. फळ्यावर शिकवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. ऑनलाइन मात्र पेन टॅब्लेट जमायचा नाही, मुलं मध्येच त्यांना म्यूट करायची, आणि त्या अपमानाच्या धास्तीने ते नेट गेल्याचं सांगायचे. त्यांना कागदावर लिहू दिलं, मोबाइल वरून रोखून ठेवायचा स्टँड लावून दिला, तपासणी मी घेतली आणि माझे अवघड प्रकरणांचे दोन तास त्यांनी घेतले. पुढे वर्षभर कटकट नाही. दुसरे एक होते, ते त्याच वेळेला आणखी एका क्लासला शिकवत होते. तिथे समजूत, सवलत, आठवण करून देणं, काही लागू पडत नाही, कारण माणूस एक आणि तास दोन. तुमच्या सरांचा प्रकार कोणता हे फोनवर त्यांच्या बोलण्यापेक्षा वेळांवरून कळेल. कायम ठरावीक वारीच दांडी पडत असेल तर समजून जा.

लाइटचं कारण खोटंच असतं असं नाही. गावाकडे भारनियमन आणि पावसाळ्यात तुटणाऱ्या तारा आपण सगळ्यांनीच भोगल्यात. पण राउटरला लावायचा छोटा यूपीएस हजार-दोन हजारांत मिळतो आणि मोबाइलचं हॉटस्पॉट हाताशी असतं. लाइट खरोखर नडत असेल तर माणूस दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपर्यंत यातलं काहीतरी करतो, निदान तासाआधी फोन तरी करतो. न कळवणं हा लाइटचा दोष नव्हे.

एक तांत्रिक गोष्ट आजच बघा: मीटिंगची लिंक कुणाच्या खात्यावरून आहे? सरांच्या असेल तर ते येईपर्यंत मुलं वेटिंग रूममध्ये अडकून. झूममध्ये को-होस्टला मीटिंग सुरू करता येत नाही, ती मुभा अल्टरनेटिव्ह होस्टला, म्हणजे आधीच नेमून ठेवलेल्या पर्यायी यजमानाला असते, आणि त्यासाठी दोघांची खाती पैसे भरलेली लागतात. फुकटच्या खात्यावर तर 40 मिनिटांनी मीटिंगच बंद पडते. होस्टच्या आधी मुलांना आत घेण्याची सोय असते, पण ती चालू करू नका. चौदा-पंधरा वर्षांची तीसेक मुलं मोठ्या माणसाशिवाय एका खोलीत सोडण्यासारखं ते आहे. सगळ्या लिंक क्लासच्या खात्यावरून काढा, असं मॅडमना सांगा. गूगल क्लासरूमवर तुम्हा दोघांनाही शिक्षक म्हणून जोडलेलं असलं की चाचण्या आणि गुण दोघांनाही दिसतात, एकाच्या ड्राइव्हमध्ये कोंडले जात नाहीत. सर उद्या क्लास सोडून गेले तरी मुलांचे पेपर हाताशी राहतात, हा त्यातला मोठा फायदा.

आता मॅडम. फोननंतर दोन-तीन आठवडे बघा, फरक नसेल तर बोलाच. चुगली आणि कामाची माहिती यातला फरक तुम्ही काय सांगता यावर आहे. "सर बेजबाबदार आहेत" हे मत झालं, त्यावर मॅडम फार तर "मी बोलते" म्हणतील. त्याऐवजी मुलांचं काय अडलं ते सांगा. पायथागोरसच्या प्रकरणात असं उदाहरण येतं: काटकोन त्रिकोणाचा कर्ण 13, एक बाजू दुसरीपेक्षा 7 ने मोठी. मांडणी करून मुलं x² + 7x − 60 = 0 पर्यंत येतात आणि तिथेच बसून राहतात, कारण वर्गसमीकरणाचे अवयव पाडायला कुणी शिकवलंच नाही. म्हणजे बीजगणित राहिलं की तुमची भूमितीही अडते. बोर्डात दोन्ही भाग 40-40 गुणांचे. एक भाग कोसळला तर दुसऱ्याने गणिताची टक्केवारी सावरत नाही, हे मॅडमना समजावून सांगावं लागणार नाही. सोबत न झालेल्या तासांच्या तारखा द्या, फक्त तारखा. त्या ग्रुपवर आधीच असतील, वेगळी वही घालायला नको.

आणि जाताना मागणी घेऊन जा. ती अशी असू शकते: वर्गसमीकरणं आणि अंकगणिती श्रेढी दिवाळीच्या सुट्टीआधी संपवायची, न झालेला तास त्याच आठवड्यात सरांनी भरून काढायचा, तो त्यांना जमला नाही तर बदली तासाचं मानधन घेणाऱ्याला मिळायचं. शेवटचं वाक्य बोलताना जीभ अडखळेल. आपल्याकडे मास्तरांनी पैशाचं बोलायचं नाही असा समज आहे, आणि क्लासवाल्यांना तो सोयीचाही आहे. तरी बोला. मानधन हलायला लागलं की बदली तास कुणी घेतला हे मॅडमना आपोआप कळायला लागतं.

पालकांना उत्तरं द्यायचं कामही तुमचं नाही. "बीजगणिताविषयी सरांशी किंवा मॅडमशी बोला, भूमितीचं काही असेल तर मला विचारा," हे नम्रपणे, दर वेळी त्याच शब्दांत. पालक एरवी उत्तर मिळतं तिथेच विचारत राहतात.

पेपर तपासणीचा तिढा सोडवायला सोपा आहे. चाचणी घेण्याआधीच तपासून द्यायची तारीख मुलांना जाहीर करा, सरांच्या पेपरची सरांनी. दहावीची मुलं गुणांसाठी जो पिच्छा पुरवतात तो तुम्हाला जमणार नाही.

राहता राहिली नववी. आत्ता "हो" म्हणू नका, "नाही"ही म्हणू नका. दहावीची सहामाही होईपर्यंत मुदत मागा. तोवर बीजगणित वेळेवर पुढे गेलं असेल तर बॅच घ्यायला हरकत नाही. नसेल तर मॅडमना सांगा की नववीचं गणित एकतर दोन्ही भाग मी घेते, नाहीतर दोन्ही भाग सर घेतील. ऑनलाइन बॅचमध्ये ते सहज करता येतं.